मेअखेरीस दोन आठवड्यांहून अधिक काळ घर बंद राहणार आहे. कुंड्यांतील झाडांना पाणी कसे मिळेल?

अबोली, नागपूर

नमस्कार. आमचे घर नागपुरात तिसऱ्या मजल्यावर आहे. पश्चिमेकडे तोंड असलेली गॅलरी आणि वरच्या सामाईक गच्चीचा एक कोपरा मिळून तीसेक कुंड्या आहेत. मोगरा, गुलाब, जास्वंद, तुळस, कढीपत्ता आणि अबोली ही झाडे बारा इंची मातीच्या कुंड्यांत आहेत, अर्ध्या कापलेल्या प्लॅस्टिकच्या पिंपात लिंबाचे एक झाड आहे, आणि आतल्या भिंतीशी प्लॅस्टिकच्या लहान कुंड्यांत मनी प्लँट, नेचे, स्नेक प्लँट, कोरफड व अडेनियम अशी मंडळी आहेत.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही मुलीकडे बंगळुरूला जाणार असून परतायला जूनचा दुसरा आठवडा उजाडेल. म्हणजे नेमका नवतपा, मेअखेरचे ते सर्वाधिक तापणारे नऊ दिवस, आमच्या गैरहजेरीत येतो. एरवी शेजारच्या काकू पाणी घालतात, परंतु सुट्ट्यांमुळे या वेळी त्याही गावाला जात आहेत. नळाला पाणी ठरावीक वेळीच येते आणि घर बंद असताना विजेवर विसंबावे की नाही, याबद्दल मन साशंक आहे.

पाण्याने भरलेली बाटली कुंडीत उलटी खोचून पाहिली. एका कुंडीत ती संध्याकाळपर्यंत रिकामी झाली, तर शेजारच्याच कुंडीत दुसऱ्या दिवशीही जशीच्या तशी भरलेली होती. रोपवाटिकेतून हायड्रोजेलचे, म्हणजे पाणी शोषून धरणाऱ्या दाण्यांचे, पाकीट आणण्याचाही विचार आहे. ठिबक, वात, माठ अशा अनेक उपायांविषयी ऐकले आहे. मात्र नागपूरच्या उन्हाळ्यात दोन आठवड्यांहून अधिक काळ खरोखर टिकेल असा कोणता उपाय आहे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

कोरडवाहू

अबोलीताई, पाणी पोहोचवण्याचे साधन शोधण्याआधी पाण्याची गरज किती कमी करता येईल, हे पाहावे असे मी सुचवीन. बहुतेक जण हे काम उलट्या क्रमाने करतात आणि मग कितीही मोठे पिंप आणले तरी ते अपुरे पडते.

गच्चीवरची प्रत्येक कुंडी खाली आणावी आणि पश्चिमेच्या गॅलरीतूनही जेवढ्या हलवता येतील तेवढ्या हलवाव्यात. जिन्याचा उजेड असलेला टप्पा, उत्तरेकडील खिडकीखालची जागा, मोठी खिडकी असलेले न्हाणीघर यांपैकी काहीही चालेल. मोगरा आणि गुलाब यांना ऊन प्रिय असले तरी दोन-अडीच आठवडे उजेडाच्या सावलीत राहिल्याने ते मरत नाहीत. फार तर फुले थांबतील आणि काही पाने पिवळी पडतील. नागपुरात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना उन्हात उभे राहणे हेच त्यांच्यासाठी अधिक धोक्याचे असते, कारण तेव्हा केवळ पानेच नव्हे तर कुंडीची उन्हाकडील बाजूही तापते आणि तिला चिकटलेली कोवळी मुळे भाजून निघतात. जे हलवताच येणार नाही त्यावर ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांधावी. ती झाडांना टेकवून बांधू नये, वर हात-दीड हात मोकळी जागा ठेवावी.

सावलीत आणल्यावर कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात. मोठ्या मातीच्या कुंड्या बाहेरच्या बाजूस व लहान कुंड्या मध्ये, अशी मांडणी केली की आतल्या झाडांभोवतीची हवा थोडी दमट राहते आणि कोरडा वारा थेट लागत नाही. मातीची कुंडी स्वतःच्या भिंतीतूनही पाणी गमावते; म्हणून तिच्याभोवती गोणपाट गुंडाळून ते भिजवून ठेवल्यास पहिले काही दिवस तरी बरा फरक पडतो. वरच्या मातीवर नारळाच्या शेंड्या किंवा वाळलेला पाला यांचा दोन-तीन बोटे जाड थर द्यावा. आपल्याकडे कूलरच्या जुन्या ताट्यांतील वूडवूल (लाकडाचे गवतासारखे बारीक तंतू) आच्छादन म्हणून वापरण्याचा मोह होतो, पण कृपया तसे करू नये. संपूर्ण हंगामभर बोअरच्या पाण्यातील क्षार त्या गवतावर साचलेले असतात आणि पहिल्याच पाण्याबरोबर ते मुळांपर्यंत उतरतात. नवी ताटी असेल तर हरकत नाही.

निघण्याच्या आठवडाभर आधी मोगऱ्याच्या कळ्या, तुळशीच्या मंजिऱ्या आणि गुलाबाची फुले काढून टाकावीत. जोरकस छाटणी मात्र करू नये, कारण तिने नवी पालवी फुटते आणि कोवळे पान सर्वांत आधी कोमेजते. खतही याच कारणासाठी आता थांबवावे.

आता मोजमाप. सामान तोलण्याचा हुकाचा छोटा काटा मिळतो, तो आणावा. एका कुंडीला सकाळी भरपूर पाणी घालून निथळू द्यावे, दोरीच्या शिंक्यात अडकवून तिचे वजन करावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा करावे. जितके ग्रॅम घटले तितके मिलिलिटर पाणी त्या झाडाने व कुंडीने मिळून एका दिवसात खर्च केले. हाच प्रयोग आधी गच्चीवर व मग सावलीत करून पाहिला, तर कोणते झाड कुठे ठेवावे यावर वाद घालण्याची गरज उरणार नाही.

कोरफड, अडेनियम आणि स्नेक प्लँट यांची काळजी सोडून द्यावी. निघण्याच्या आदल्या दिवशी एकदा पाणी घालून त्यांना सावलीत ठेवावे. या झाडांना वात किंवा ठिबक लावल्यास ती तहानेने नव्हे, तर कुजून जातील.

हायड्रोजेलविषयी थोडक्यात सांगतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेले पुसा हायड्रोजेल शुद्ध पाण्यात स्वतःच्या वजनाच्या किमान ३५० पट पाणी धरते, हे खरे आहे. परंतु क्षारयुक्त पाण्यात ही क्षमता पुष्कळ घटते. शिवाय ते कुंडी भरतानाच मातीत मिसळायचे असते, वरून पसरून उपयोग होत नाही. ज्या कुंडीला एरवी रोज पाणी लागते तिला ते एक-दोन दिवसांची उसंत देईल, दोन आठवड्यांची नाही.

सुताची वात

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. लहान कुंड्यांसाठी वातीची पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते, मात्र तिच्यातील दोन-तीन बारकावे सांभाळले नाहीत तर ती हमखास फसते.

पहिला बारकावा भांड्याच्या उंचीचा आहे. अनेक चित्रांत पाण्याची बादली स्टुलावर आणि कुंड्या खाली जमिनीवर दाखवलेल्या असतात. अशा मांडणीत वात केवळ ओलावा ओढत नाही, तर वक्रनलिकेसारखे (सायफनसारखे) काम करते आणि झाडाला गरज असो वा नसो, बादली रिकामी होईपर्यंत पाणी खाली उतरत राहते. बादलीतील पाण्याची पातळी कुंडीतील मातीपेक्षा खाली असली, की वात फक्त केशाकर्षणाने पाणी वर चढवते आणि माती जेवढी सुकेल तेवढेच पाणी पुढे जाते. या चढाईलाही मर्यादा असते. पाण्याच्या पृष्ठभागापासून मातीपर्यंतचे अंतर वीतभराहून अधिक ठेवू नये. पातळी जसजशी खाली जाईल तसतसे हे अंतर वाढते, म्हणून उंच अरुंद बादलीपेक्षा पसरट टब किंवा घमेले चांगले. टबावर लाकडी फळ्या टाकून त्यावर कुंड्या ठेवाव्यात आणि वाती तळाच्या छिद्रांतून खाली पाण्यात सोडाव्यात, ही मांडणी मला सर्वांत सोयीची वाटते.

दुसरा बारकावा वातीच्या जातीचा. देवाच्या दिव्याची कापसाची वात पाणी छान ओढते, पण ओल्या मातीत ती लवकर कुजू लागते. जुन्या पॉलिस्टरच्या टी-शर्टच्या कापलेल्या पट्ट्या किंवा पॉलिस्टरची विणलेली जाडसर दोरी अधिक टिकते. नवी दोरी पाण्यात साबण घालून उकळून, स्वच्छ धुऊन घ्यावी, कारण तिच्यावरील तेलकट लेपामुळे ती सुरुवातीला पाणीच धरत नाही. वात बसवताना ती संपूर्ण भिजलेली असावी, कुंडीतील मातीही भिजलेली असावी, आणि वातीचे टोक मुळांच्या निम्म्या खोलीपर्यंत जाऊन तिथे एखादे वेटोळे पडावे. आधीच भरलेल्या कुंडीत वात घालायची असेल तर विणकामाच्या सुईने किंवा छत्रीच्या काडीने तळाच्या छिद्रातून ती वर ढकलता येते.

तिसरी गोष्ट खास आपल्या मातीची. विदर्भातील काळी माती सुकली की आकसते, तिला भेगा पडतात आणि तिचा वातीशी असलेला संपर्क तुटतो. एकदा तो तुटला की टबात पाणी असूनही झाड सुकते. ज्या कुंड्यांत निव्वळ काळी माती असेल तिथे वातीऐवजी दुसरा उपाय करावा. कोकोपीट आणि शेणखत मिसळलेल्या भुसभुशीत मिश्रणात वात उत्तम चालते. नेचे, मनी प्लँट आणि लहान कुंडीतली तुळस यांच्यासाठी मी हीच पद्धत सुचवीन.

आपल्या बाटलीच्या प्रयोगाचे उत्तरही मातीतच आहे. उलट्या बाटलीतून पाणी बाहेर येण्यासाठी तेवढीच हवा आत जावी लागते. भुसभुशीत मातीत हवेला वाट मिळते आणि बाटली काही तासांत रिकामी होते. चिकण मातीत बाटलीचे तोंडच लिंपले जाते आणि काहीच घडत नाही. या दोहोंच्या मधली स्थिती साधणे हा निव्वळ योगायोग असतो, त्यामुळे दोन आठवड्यांसाठी बाटलीवर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट, जी झाडांच्या नादात विसरली जाते. साचलेल्या उघड्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून पूर्ण डासापर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत होते, म्हणजे आपण परत येईपर्यंत एक पिढी सहज बाहेर पडेल. टबावर फळ्यांच्या फटींसह पूर्ण झाकेल असे जुन्या सुती साडीचे दुहेरी कापड ताणून बांधावे आणि वातीपुरतीच छिद्रे ठेवावीत. कुंड्यांखालच्या ताटल्या तर काढूनच ठेवाव्यात. परत आल्यावर टब नुसता ओतून न देता घासून धुवावा, कारण या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीही महिनोन्महिने तग धरतात.

माठवाली

पिंपातल्या लिंबासाठी आणि मोठ्या कुंड्यांसाठी मातीचे मडके पुरावे. कुंभाराकडे दोन-तीन लिटरची, रंग किंवा लेप न दिलेली साधी मडकी मिळतात. घेण्यापूर्वी पाणी भरून अर्धा तास ठेवावे आणि बाहेरून हात लावून पाहावे; सर्वांगाला सारखा गारवा व ओल जाणवली तर मडके योग्य समजावे. एकाच जागी थेंब धरत असतील तर त्याला चीर आहे, ते परत करावे. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी.

मडके गळ्यापर्यंत मातीत पुरून, पाण्याने भरून, तोंडावर पालथी पणती किंवा झाकणी ठेवावी. भोवतालची माती सुकली की ती मडक्याच्या भिंतीतून पाणी ओढते आणि ओली असली की ओढणे मंदावते, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. कुठलाही हलणारा भाग नाही, वीज नाही. मडके पुरताना मुळे तुटतात, म्हणून हे काम निघण्याच्या आदल्या दिवशी न करता तीन-चार आठवडे आधी उरकावे. मुळे नंतर आपणहून मडक्याभोवती जाळे धरतात. वैशाखात शिवपिंडीवर गळती लावतात, तसे तळाला छिद्र पाडून टांगलेले मडके झाडावर ठेवण्याचा सल्लाही काही जण देतात. पण गळतीला रोज कुणीतरी पाणी घालणारे असते, हे ते विसरतात.

तुमच्या बाबतीत अडचण एवढीच की दोन-तीन लिटरचे मडके मे महिन्यात दोन आठवडे पुरणार नाही. त्यामुळे ते एकटे न वापरता पुढे कुणी ठिबक सुचवले, तर ठिबकाची एक नळी मडक्यातच सोडावी. नळीतून थोडे कमी-अधिक पाणी आले तरी मडके तो फरक पोटात घेते.

ठिबक आणि तोटी

वर ठिबकाचा उल्लेख आलाच आहे, म्हणून त्याचे गणित मांडतो. कोरफडीसारखी मांसल झाडे आणि वातीवरील लहान कुंड्या वगळल्या, तर ठिबकावर साधारण वीस कुंड्या राहतील असे धरू. गच्चीवर प्रत्येकीला रोज एक लिटर लागत असेल तर २०० लिटरचे निळे पिंप दहा दिवसांत संपेल. त्याच कुंड्या सावलीत आणल्यावर जर ४०० मिलिलिटरवर भागत असेल, तर तेच पिंप पंचवीस दिवस पुरेल. सावलीचा आग्रह का धरायचा, ते या दोन आकड्यांत दिसते.

नळाला थेट टायमर जोडण्यास माझा विरोध आहे. नळाचे पाणी अमर्याद असते; एखादी नळी निसटली तर तुमच्या कुंड्या कोरड्या राहतील आणि खालच्या मजल्याच्या छतातून पाणी गळेल. पिंपातून पाणी दिल्यास काहीही बिघडले तरी जास्तीत जास्त २०० लिटर वाहून जातील. बंद घरात बसवायच्या यंत्रणेचा विचार करताना ती बिघडल्यावर किती नुकसान करील, हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारतो.

पिंप भरल्यावर त्याचे वजन २०० किलोंहून अधिक होते, त्यामुळे ते गॅलरीच्या कठड्याकडे न ठेवता घराच्या भिंतीला लागून, मजबूत लोखंडी घडवंचीवर ठेवावे. पिंपाचा तळ कुंड्यांपेक्षा मीटरभर उंच असावा. दहा मीटर उंचीच्या पाण्याने साधारण एक बार दाब मिळतो. आपल्याकडे पिंप भरलेले असताना दोन मीटरच्या आत-बाहेर आणि संपत आल्यावर एक मीटर उंची असेल, म्हणजे दाब केवळ ०.१ ते ०.१९ बार. बाजारातील ड्रिपरवर, म्हणजे नळीला लावायच्या थेंब सोडणाऱ्या छोट्या तोटीवर, लिहिलेला ताशी ४ लिटरचा आकडा एक बार दाबाचा असतो. साध्या ड्रिपरमधील प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे प्रत्यक्षात ताशी सव्वा ते पावणेदोन लिटर मिळतील. रोज पंधरा ते वीस मिनिटे पाणी सोडले की प्रत्येक कुंडीला सरासरी ४०० मिलिलिटरच्या आसपास पाणी मिळते. दाब भरपाई करणारे महाग ड्रिपर घेऊ नयेत. इतक्या कमी दाबावर त्यांच्यातील रबरी पडदा नीट काम करत नाही आणि दुकानदार हे सांगतोच असे नाही.

टायमरबाबतही हीच काळजी घ्यावी. बॅटरीवर चालणाऱ्या टायमरचे दोन प्रकार मिळतात. सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने उघडणारी) झडप असलेल्याला उघडण्यासाठी ठरावीक किमान दाब लागतो आणि तो पिंपातून मिळत नाही. छोट्या मोटरने बॉल व्हॉल्व्ह फिरवणारा टायमर मात्र शून्य दाबावरही चालतो. विकत घेताना ‘टाकीवर चालेल का’ हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा. निघताना नव्या अल्कलाइन बॅटऱ्या घालाव्यात. पाणी पहाटे सोडावे, कारण दुपारी काळ्या नळीत साचून राहिलेले पाणी हाताला चटका बसेल इतके तापते.

कमी दाबाच्या ठिबकात उंचीचा फरक फार जाणवतो. एखादी कुंडी वीतभर उंच स्टुलावर असेल तर तिला शेजारणीपेक्षा निश्चितच कमी पाणी मिळेल, म्हणून सर्व ड्रिपर एकाच पातळीवर आणावेत. बसवून झाल्यावर प्रत्येक ड्रिपरखाली चहाचा एकसारखा पेला ठेवून एक फेरी चालवावी आणि पेले रांगेत मांडून पाहावे. जिथे पेला अर्धाच भरला असेल तिथे ड्रिपर बदलावा किंवा दोन बसवावेत; लिंबाच्या पिंपाला दोन लागतीलच, त्यांपैकी एक माठवाली यांनी सांगितल्याप्रमाणे मडक्यात सोडावा. पिंपाच्या तोटीनंतर लगेच जाळीचा फिल्टर हवा, नाहीतर बोअरच्या पाण्यातील बारीक कचऱ्याने आणि क्षारांनी तोंडे बुजतात.

नागपुरात हटकून सुचवला जाणारा एक जुगाड म्हणजे बादलीत कूलरचा पंप सोडून तो प्लगच्या टायमरवर चालवणे. तो चालतो, पण मी बंद घरासाठी तो सुचवणार नाही. यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो आणि परत आल्यावर तेवढाच मागे राहतो. पंप बंद झाल्यावरही, नळीचे तोंड पाण्याच्या पातळीखाली असेल तर बादली वक्रनलिकेने रिकामी होत राहते. आणि कोरडा चाललेला पंप जळतो. कूलरचा शॉक लागून झालेल्या अपघातांच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात, तेव्हा पाण्यात बुडालेले विजेचे उपकरण रिकाम्या घरात चालू ठेवून जाणे मला पटत नाही. करायचेच असेल तर त्या जोडणीवर आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याची खात्री करून घ्यावी.

सगळी यंत्रणा निघण्याच्या किमान आठवडाभर आधी चालू करून, हाताने एक थेंबही पाणी न घालता झाडे पाहावीत. जे काही बिघडायचे असते ते बहुधा पहिल्या चार दिवसांतच बिघडते.

किल्लीवाले काका

एवढ्या तांत्रिक चर्चेत एक साधी सूचना करतो. इमारतीचा चौकीदार किंवा जवळच्या रोपवाटिकेतील माळी पैसे देऊन दर तीन-चार दिवसांनी एकदा येऊ शकेल का, हे विचारावे. त्याने पाणी घालावे अशी अपेक्षा नाही. त्याने फक्त पिंपातील पातळी पाहावी, निसटलेली नळी बसवावी आणि मोबाइलवर एक फोटो पाठवावा. पाणी घालणाऱ्या अनोळखी माणसाचा उत्साह झाडांना पुष्कळदा बाधतो, म्हणून ज्या कुंड्यांना हात लावायचा नाही त्यांना लाल फीत बांधून ठेवावी. सगळ्या कुंड्या जिन्याच्या टप्प्यावर असतील तर घराची किल्ली देण्याचाही प्रश्न येत नाही. अर्थात जिना सर्वांचा असल्याने सोसायटीला आधी विचारणे बरे.

अबोली, नागपूर

सर्वांचे मनापासून आभार. हुकाचा काटा आणून मोगऱ्याची एक कुंडी तोलून पाहिली. गच्चीवर चोवीस तासांत तिचे वजन ९५० ग्रॅमने घटले, तर जिन्याच्या उत्तरेकडील टप्प्यावर त्याच कुंडीचे ३८० ग्रॅमने. हा फरक पाहून घरातील मंडळींचा कुंड्या उतरवण्यास असलेला विरोध मावळला. सोसायटीच्या अध्यक्षांनी ये-जा करण्यास अडथळा होणार नाही या अटीवर परवानगी दिली आहे. पिंप, बॉल व्हॉल्व्हचा टायमर आणि साधे ड्रिपर मागवले आहेत. नेचे व मनी प्लँट टबावर वातीने राहतील. लिंबाला आता मडके पुरण्याइतका वेळ नसल्याने त्याला दोन ड्रिपरच ठेवते. चौकीदारदादाही फोटो पाठवायला तयार झाले आहेत.

एकच शंका उरते. एवढे करूनही परत आल्यावर एखादे झाड पूर्ण सुकलेले दिसले, तर ते मेले असे समजावे की काही करता येते? आणि आम्ही येण्याआधीच पाऊस सुरू झाला तर?

कोरडवाहू

पावसाची चिंता नसावी. नागपुरात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या मध्यास पोहोचतो आणि आपल्या कुंड्या छताखाली आहेत. हवा दमट झाल्यावर ठिबकाचे पाणी जरा जास्त होईल इतकेच. तळाची छिद्रे मोकळी आहेत ना, हे निघताना एकदा पाहून घ्यावे.

सुकलेल्या झाडाची पाने पाहून निर्णय घेऊ नये. खोडाच्या तळाशी नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे आणि ओलसर दिसले तर झाड जिवंत आहे. तपकिरी व कोरडे दिसले तर थोडे आणखी खाली, मातीलगत खरवडून पाहावे. मोगरा, गुलाब, जास्वंद आणि कढीपत्ता अनेकदा बुंध्यापासून पुन्हा फुटतात. तुळस मात्र पूर्ण वाळली असेल तर बहुधा परत येत नाही, म्हणून तिच्या काढलेल्या मंजिऱ्यांतील बी आत्ताच कागदात बांधून ठेवावे.

अशा कुंडीत वरून पाणी ओतल्यास ते आकसलेली माती आणि कुंडीची भिंत यांच्यातील फटीतून सरळ खाली निघून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. मोठ्या घमेल्यात अर्ध्या कुंडीइतके पाणी घेऊन त्यात कुंडी ठेवावी आणि वर बुडबुडे येणे थांबेपर्यंत तशीच राहू द्यावी. नंतर ती पूर्ण निथळवून पुन्हा सावलीतच ठेवावी, वाळलेल्या फांद्या हिरव्या भागापर्यंत कापाव्यात, आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नये. जी झाडे सुखरूप असतील त्यांनाही एकदम गच्चीवर नेऊ नये. आठवडाभर फक्त सकाळचे ऊन द्यावे, कारण सावलीत आलेली पाने थेट दुपारच्या उन्हात एका दिवसात करपतात.